जयाचा डबा

भिंगार, ९ एप्रिल २०२५

तीर्थरूप अक्का,
रंगनाथचा शि. सा. नमस्कार. वि. वि. इकडे सगळे खुशाल म्हणायचे. पत्र बघून हसशील, पण फोनवर बोललं की घरभर ऐकू जातं, आणि गोष्ट घरातल्याच माणसाची आहे.

आपला धाकटा भाऊ अजिनाथ गेला, त्याच्या माघारी त्याच्या जयानं दह्याचं काम अंगावर घेतलं, ते मी कधी नाकारलं नाही. दूध तापवणं, विरजण लावणं, सगळं तीच बघते. पण दर सोमवारी ती माहेरी राहुरीला जाते, तेव्हा पिशवीत साडीखाली एक स्टीलचा डबा असतो. विचारलं तर म्हणते, आईसाठी काहीबाही. परवा कामानिमित्त राहुरीत एका हॉटेलात जेवलो. पानात दही आलं. अक्का, एक घास घेतला आणि हात थांबला. आपलंच दही! तोच गोडवा, तशीच सुरीनं कापावी अशी वडी. कुणाचं म्हणून विचारलं, तर राहीबाईंचं. म्हणजे जयाच्या आईचं!

आजीनं डोक्यावर गाडगी घेऊन भिंगारच्या बाजारात दही विकलं, वडलांनी सायकलवर, मी टेम्पो घेतला. आज मेसला, हॉटेलांना, लग्नाकार्यांना आपलं दही जातं ते आजीच्या विरजणावर. दुकानाच्या पाटीवरही तसंच लिहिलंय. ते विरजण चोरून बाहेर जात असेल तर मी गप्प बसू का? लवकर कळव.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
रंगनाथ

कर्जत, १४ एप्रिल २०२५

चि. रंगनाथ यास अनेक आशीर्वाद.
पत्र वाचून हसले न्हाई, कपाळाला हात लावला. लहानपणी तुझी गोटी हरवली की आख्ख्या आळीचे खिसे तपासायचास, आणि ती निघायची तुझ्याच चड्डीत. अजून तसाच हायेस बघ.

जया गुणाची पोर हाय. नवरा गेल्यावर माहेरी जाऊन बसली असती तर कोण अडवणार हुतं? तरी डबा झाकून नेती, हे मलाबी पटलं न्हाई. पण तिला नीट विचार. तोंड सोडू नकोस. आमच्याकडं औंदा लिंबं लई लागलीत, टेम्पो इकडं आला तर घेऊन जा.

मनात माया धरून राहा, एवढंच मागणं.
तुझी अक्का

भिंगार, २४ एप्रिल २०२५

तीर्थरूप अक्का, नमस्कार.
नीटच विचारणार होतो. पण सोमवारी ती निघाली, तेव्हा राहवलं नाही. दारातच पिशवी उघडायला लावली. डबा रिकामा! धुऊन पुसून लख्ख. म्हणजे तिला आधीच सुगावा लागलेला. तुझं पत्र तिनं चोरून वाचलं असेल का? मी डबा काढून घेतला आणि म्हटलं, जायचं तर आता कायमची जा. ती पिशवी उचलून गेली.

आता पुढचं ऐक. ती गेल्यापासून दही बिघडलंय. आंबट होतं, चमचा घातला की तार सुटते. मेसवाल्यांनी गाडगी परत पाठवली. मेच्या मध्यावर लग्नाची मोठी ऑर्डर आहे. ती हुकली तर तीन पिढ्यांचं नाव गेलं. जाताना तिनं विरजणात काही टाकलं असणार, मला दाट संशय आहे. तू काय म्हणतेस?

जीव टांगणीला लागलाय, तेव्हा रागावू नकोस.
रंगनाथ

कर्जत, २९ एप्रिल २०२५

रंगनाथ,
आशीर्वाद मागनं देते, आधी एक सांग. अजिनाथ गेला, सुतक फिटलं, तवा तू काय केलंस? सुतकातलं काही गिऱ्हाइकाच्या तोंडी जायला नको म्हणून घरातलं समदं दूध, दही, ताक परसात ओतायला लावलंस. गाडगीसुद्धा फोडलीस. मी तिथंच हुते. विरजणाचं मडकं त्यातच गेलं, रंगा. घर रडत हुतं, कुणाच्या ध्यानात आलं न्हाई.

मग दुसऱ्या दिवशी तुझं दही कशावर लागलं रे? आन् रिकामा गेलेला डबा येताना कसा येतो, ते कधी बघितलंस का? तू आपला जातानाच दारात उभा!

मी जयालाबी पत्र टाकलंय. आता घे आशीर्वाद, आन् जरा शहाणा हो.
अक्का

राहुरी, ५ मे २०२५

ती. दादांस जयाचा नमस्कार.
अक्कांनी गळ घातली म्हणून लिहिते, नाहीतर लिहिणार नव्हते.

माझ्या लग्नात सासूबाईंनी माझ्या आईला वाटीभर विरजण दिलं होतं. आईनं ते जपलं. सुतकानंतर मी तेच तिच्याकडून मागून आणलं. तुमच्याकडे नव्या भट्टीच्या धगीनं ते लवकर आंबतं, म्हणून दर सोमवारी ताजं आणत होते. तुम्ही गिऱ्हाइकांना पाटी दाखवून किती अभिमानानं सांगायचात. तुमचा शब्द खाली पडू नये, म्हणून मी डबा झाकून आणायचे. ह्यांचाही जीव होता त्या धंद्यात. तुम्ही मला चोर समजाल असं वाटलं नव्हतं. फार लागलं, दादा.

लग्नघरचं दही अडायला नको. विरजण न्यायला तुम्ही स्वतः या. दिवेलागणीनंतर आई विरजण देत नाही, तेव्हा ऊन असतानाच या. आणि इथं भांडं मागू नका. माझा डबा तुमच्याकडे आहे, तोच घेऊन या.

जया