वाळुंजांच्या जाळीमागे

टॅमरॅक क्रीक, मोंटाना
ता. ९ ऑगस्ट

चि. एमेट यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मिझूलाला लेकीकडे राहून गुडघे सुधारतील असं वाटलं होतं, पण सुधारलेली दिसते ती तुझी कुरकुर. बर्फाचा शेक घेत जा. तुझा दादा लॉइड असता तर म्हणाला असता, धाकट्याला पाण्यात उभा करा, दुखणं वाहून जाईल.

इकडे मत्स्य खात्याची माणसं पुन्हा आली आहेत. दोन उन्हाळे ओढ्यात मासे मारायचं औषध सोडलं, तरी वसंतात ब्राउन ट्राउट मासे दिसलेच. ते सगळे संपल्याशिवाय वरच्या तळ्यातले मूळचे लालगळे मासे खाली सोडता येत नाहीत. त्यांचा अहवाल मी वाचनालयातून आणून दोनदा वाचला. खोटं काही नाही त्यात. ब्राउन परका, तुमच्या आजोबांच्या काळी दुधाच्या कॅनमधून आलेला, आणि त्यानं इथल्या मूळच्या माशाला हुसकून लावलं, हे मला पटतं. पटलं म्हणून आवडलं असं नाही. ओढा बंद असल्यानं गळ टाकणारी मंडळी रविवारी कॅफेत नुसती बसतात आणि हवेवर बोलतात. हार्लननं तर आपल्या गळाच्या काठ्या अंगणात मांडून विकल्या. बायको म्हणाली म्हणे की आता नवराही मांडून बघते, कुणी नेला तर.

पण लिहायचं होतं ते वेगळं. काल वाळुंजांच्या जाळीमागे गेले, तर आपल्या झऱ्याभोवती नारिंगी फिती बांधलेल्या. तिथं खालून ताजं पाणी येत राहतं, म्हणून औषधाचा असर होत नाही आणि मासे जगतात, हे तुला काय सांगायचं. केल्सी म्हणून एक तरुण शास्त्रज्ञ आहे, तिला विचारलं. ती म्हणाली की जागा होल्कम कुटुंबाकडूनच, म्हणजे आपल्याकडूनच, कळली. वर माझे आभार मानले.

ती जागा तिघांनाच ठाऊक होती. एक आता बोलू शकत नाही. दुसरी मी. लॉइडनं तुला शपथ घालून ती दाखवली होती. मला दाखवायला तर लग्नानंतर कितीतरी वर्षं घेतली. कॅफेत कुणी विचारलं की एवढा मासा कुठं धरलात, तर तुम्ही दोघं एका सुरात सांगायचात, त्याच्या ओठात.

केल्सी नवी आहे, नावांत घोटाळा करत असेल. तसं असेल तर उलट टपाली कळव.

लोभ आहेच. तो तसाच राहील असं उत्तर धाड.

तुझी वहिनी,
अर्लीन


मिझूला
ता. १४ ऑगस्ट

ती. अर्लीनवहिनीस,
सा. न. वि. वि.

वणव्यांचा धूर इथवर आला आहे, खिडक्या लावून बसतो. लेक मला बिनमिठाचं खायला घालते आणि वर विचारते की चव कशी आहे. मी म्हणतो, आहे का? नातीचे दात पडताहेत. एवढ्यावर पत्र संपवता आलं असतं तर बरं झालं असतं.

केल्सीनं घोटाळा केलेला नाही. मी सांगितलं. जूनमध्ये फोन केला आणि कागदावर जागा काढून पाठवली.

जोवर ब्राउन दिसणार तोवर औषध, आणि जोवर औषध तोवर ओढा बंद. डॉक्टर म्हणतो, वाहत्या पाण्यात उभं राहण्याचे माझे थोडेच उन्हाळे उरलेत. मला आपल्या ओढ्यात आणखी एकदा उभं राहायचं आहे, मग गळाला लालगळ्या लागो की जुना बूट. लॉइडला दिलेला शब्द लॉइडबरोबर गेला, असं मी मनाशी ठरवलं.

तुला आधी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस, आणि मग मला सांगता आलं नसतं.

राग आवरला की चार ओळी लिही. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा,
एमेट


टॅमरॅक क्रीक
ता. १९ ऑगस्ट

श्री. एमेट होल्कम यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र पोचले.

आपण लिहिता की शब्द लॉइडबरोबर गेला. लॉइड गेला तेव्हा मी गेले नव्हते. त्याच्यामागे मी त्या झऱ्यावर जाऊन बसते, हे आपल्याला माहीत होते. गळ टाकत नाही. आकड्यासारख्या जबड्याचा तो म्हातारा ब्राउन नर अजून तिथे आहे, लॉइडने धरून सोडलेला. तो काठाखालून बाहेर येईपर्यंत बसते आणि घरी येते. आठवड्यातले माझे देवळात जाणे म्हणा.

मला विचारले असते तर मी काय म्हटले असते, हे आपण परस्पर ठरवलेत. मी तो अहवाल वाचलेली बाई आहे. कदाचित केल्सीचा हात धरून मीच तिला तिथे नेले असते. फार तर एक हिवाळा मागितला असता, निरोपापुरता. आता ते कधी कळायचे नाही, मलासुद्धा.

नवरा आजाराने गेला, त्यात कुणाचा दोष नव्हता. रडले आणि उठले. या खेपेला दोष कुणाचा ते ठाऊक आहे, आणि त्याचे काय करावे ते मला येत नाही.

गुडघ्यांना जपावे.

अर्लीन होल्कम


मिझूला
ता. २३ ऑगस्ट

ती. वहिनी,
सा. न.

शिव्या दे, पण अहो-जाहो करू नकोस. तुझं पत्र वाचून लेक विचारायला लागली की हे बँकेकडून आलंय का.

सव्वीस तारखेला औषध सोडणार असं ऐकलं. तिथं एकटी उभी राहू नकोस. मी बसनं येऊ का? येऊ नको म्हणालीस तर येणार नाही. काय केलं म्हणजे तुझं समाधान होईल ते सांग. सांगशील ते करीन, खरंच करीन.

एमेट


टॅमरॅक क्रीक
ता. ३० ऑगस्ट

एमेट,

तुझं पत्र सव्वीस तारखेला रात्री घरी परतल्यावर मिळालं. तोवर सगळं उरकलं होतं.

केल्सीनं मला बसायला घडीची खुर्ची आणून दिली. चांगली पोरगी आहे, तिच्यावर राग धरता येत नाही. झऱ्याच्या तोंडाशीच औषध ओतलं. पाणी दुधाळ झालं, आणि थोड्या वेळानं मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. आकड्यासारख्या जबड्याचा तो सगळ्यांत शेवटी आला. तिनं तो जाळीत घेतला, मला विचारलं की हवा आहे का. मी नको म्हटलं. संध्याकाळी त्यांची माणसं एकमेकांशी हात मिळवत होती, काम फत्ते झालं म्हणून. माझाही हात हातात घेतला.

त्यांना ठाऊक नाही ते तुला सांगते. आदल्या दिवशी मी बादली आणि लॉइडची हातजाळी घेऊन तिथं गेले होते. तो म्हातारा काही हाती लागला नाही, पण लहान काही लागले, नरही आणि माद्याही. ते आता गोठ्यामागच्या, गुरांच्या पाण्याच्या टाकीत आहेत. विहिरीचं गार पाणी तिच्यात पडत राहतं, तेव्हा ते जगतील. मी जवळ गेले की तळाला जाऊन बसतात.

जिवंत मासा असा हलवणं गुन्हा आहे, कायदा वाचला आहे मी. दंड होतो, तुरुंगही होऊ शकतो. आणि हे परत ओढ्यात पडले, तर त्यांची सगळी मेहनत पाण्यात, आणि तुझा लालगळ्याही गेला, तुझे उरलेले उन्हाळेही. सोडणार आहे का, ते मला ठाऊक नाही. खरंच नाही.

तू विचारलंस, काय करू. येऊ नकोस. काही करूही नकोस. या टाकीची जागा फक्त आपल्या दोघांना ठाऊक आहे, आणि केल्सीचा नंबर तुझ्याकडे आहे.

लोभ उरला आहे की नाही, ते मला कळेलच. दाराशी कोण येतं, ते बघत बसले आहे.

अर्लीन