घासलेली नाणी

प्रिय दादा,

फोनवर तू नुसतं ‘बरं’ म्हणालास आणि ठेवून दिलास. तुझं ते ‘बरं’ मी लहानपणापासून ओळखते. त्याचा अर्थ, ठमीला काही कळत नाही, आणि कळत असलंच तर ती लपवते आहे. बाबांच्या नाण्यांना एवढीच किंमत येते, यावर तुझा विश्वास बसला नाही. माझाही बसला नव्हता. म्हणून सगळं नीट लिहिते. रागावून नाही, म्हणजे कालपर्यंत रागावले होते, आज नाही.

पहिल्या दुकानदारानं डबा उघडला आणि सगळी नाणी तराजूत ओतली. ओतली रे! बाबा असते तर त्याची गचांडी धरली असती. दिवसभर तिकीटखिडकीवर लोकांची चिल्लर घेणारे बाबा, पण घरी एकेक नाणं कसं दोन बोटांत कडेनं धरायचे. चेहऱ्याला बोट लावायचं नाही, फुंकर मारायची नाही, पुसण्याचं तर नावच काढायचं नाही. नवा शर्ट नको म्हणायचे आणि जुन्या बाजारातून एखादं काळं पडलेलं नाणं घेऊन यायचे, की आई कपाळाला हात लावायची. तर त्या दुकानदारानं चांदीचा भाव सांगितला. मी डबा उचलला. दुसरा गोडबोल्या निघाला. खुर्ची दिली, पाणी दिलं, बाबांबद्दल हळहळला आणि पहिल्याहूनही कमी बोलला. मला वाटलं, दोघांचं गुळपीठ असणार, बाई बघून तोंडाला पानं पुसताहेत.

मग कुणीतरी एका बाईंचं दुकान सांगितलं. त्या नाणी तपासायचे पैसे घेतात, पण तपासलेली नाणी स्वतः कधीच विकत घेत नाहीत. म्हटलं, इथे तरी खोटं बोलायला कारण नाही. गळ्यात दोऱ्याला बांधलेलं भिंग, पुढ्यात मऊ कापड. एकेक नाणं दिव्याखाली तिरपं करून बघत होत्या, आणि बघता बघता त्यांचा चेहरा उतरत गेला. म्हणाल्या, नाणी अस्सल आहेत, काही तर फार दुर्मीळ. होती तशी काळी राहिली असती तर घेणाऱ्यांनी दाराशी रांग लावली असती. पण कुणीतरी ती घासली आहेत. आता चांदीचाच भाव येईल, आधीचे दोघं खोटं बोलले नाहीत. कुणी घासली, असंही त्यांनी विचारलं.

दादा, बाबांनी घासली. शेवटच्या वर्षात त्यांना काय काय आठवेनासं झालं होतं, ते मी तुला सांगत होते आणि तू येतो येतो म्हणत होतास. दात घासायचा ब्रश आणि पेस्ट घेऊन ते खिडकीपाशी बसायचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी डबाच काढून घेतला. तर लहान मुलासारखे रडायला लागले. मग मीच त्यांना नवा ब्रश आणून दिला. घासताना ते इतके शांत असायचे, की मला नाण्यांचं काही वाटेनासं झालं.

तू शाळेत असताना त्यांच्या वाढदिवसाला जे केलं होतंस, ते तू विसरला नसशील. त्यांचं सगळ्यात लाडकं नाणं पेस्टनं घासून लखलखीत केलंस आणि तळहातावर ठेवून पुढे केलंस. केवढ्या आनंदात होतास! बाबांनी थोबाडीत मारली. मार काय, विसरलाही असतास. पण पुढे डबा उघडला की प्रत्येक पाहुण्याला ते नाणं वेगळं काढून दाखवायचे, हे आमच्या चिरंजीवांचे प्रताप म्हणून. पाहुणे हसायचे आणि तू उठून बाहेर जायचास. लोक म्हणतात, तू नोकरीसाठी लांब गेलास. म्हणू देत.

एकदा मी त्यांना विचारलं, बाबा, का घासताय? त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच सांगितलं, सगळी सारखी करून ठेवतोय, म्हणजे पोरानं कुठलं घासलं ते कुणाला कळायचं नाही. आणि म्हणाले, आटपायला हवं, तो येईल एवढ्यात. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, पण फोनवर सांगायला गेले की मला रडूच यायचं. त्या बाईंनी मात्र एक नाणं बाजूला काढलं होतं. हे बाकीच्यांच्या कितीतरी आधी घासलेलं आहे, म्हणाल्या. त्यांना ओळखता आलं, दादा. मी ते उचललं, परत डब्यात टाकलं आणि डबा चांगला हलवला. विकायची की ठेवायची, ते तू सांग. पण न्यायला तूच ये. त्यातलं तुझं कुठलं, ते आता मलाही सांगता येणार नाही.

तुझीच,
ठमी