तळ्याकडची खोली

अश्विन,

तुझी मनाली काल आमच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात आली होती. हनिमूनला आयर्लंडमधलं किलार्नीच हवं म्हणाली. "ताई, यांचं फार जुनं स्वप्न आहे." स्वप्न आपल्या दोघांचं होतं, तुझ्या आईला माझं आडनाव कळेपर्यंत.

पोरगी गोड आहे रे. "खोलीतून तळं दिसेल ना?" असं तिने दोनदा विचारलं. आपण निवडलेलीच खोली दिली, तळ्याकाठच्या किल्ल्यासमोरची.

हनिमूनवाल्यांच्या खोलीत आम्ही केक ठेवायला सांगतो, त्यावर जोडप्याची नावं असतात. मी हॉटेलला कळवलंय: अश्विन आणि ज्योत्स्ना साळवे. आडनावासकट.

हे पत्र मी पाठवणार नाही. केक पोचेलच. सुरी मनालीच्या हातात दे.

तुझ्या घरात न चाललेली,
ज्योत्स्ना