कुरवंड्यात कोणी चूल पेटवू नये

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ७.
आजपासून रोज लिहायचे. शाळेत सिस्टर बर्नडेट म्हणायच्या, जी मुलगी झोपण्यापूर्वी आपला दिवस तपासते तिची फजिती होत नाही. तेव्हा तपासला नाही. आता एकसष्टाव्या वर्षी सवड आहे.
काल सुहासचा फोन. हॉस्पिटलात मी आहारतज्ज्ञ असताना तो माझ्या हाताखाली शिकला. आता मदतकार्याची संस्था चालवतो. पूर, दरड, भूकंप अशा ठिकाणी जाणाऱ्या कार्यकर्त्यांना आहाराचे नियोजन शिकवायचे आहे. तीस जण, एक आठवडा, इथेच लोणावळ्यात, तुंगार्लीला एक बंगला भाड्याने घेतलाय. शिकवणार मी. शेवटच्या दिवशी जवळच्या गावात मॉक ड्रिल. ते नीट झाले तर मी संस्थेची कायमची मुख्य प्रशिक्षक. म्हणजे खरी आपत्ती आली की विमानाने जायचे. तसे मी स्पष्ट विचारले. सुहास म्हणाला, बघू मॅडम. सुहासचे 'बघू' म्हणजे हो. मी त्याला ओळखते.
रिटायर झाल्यापासून मला कोणी काही विचारत नाही. दूधवाला विचारतो, किती देऊ.
संकल्प: शिबिर संपेपर्यंत मीसुद्धा आपत्तीतला शिधा खाणार. माणशी दिवसाला एकवीसशे कॅलरी. तांदूळ, डाळ, तेल, मीठ. चिक्की पूर्ण बंद.

संध्याकाळी.
चिक्कीचे दोन तुकडे. कुपोषित मुलांना शेंगदाण्याची पेस्ट देतात, तिच्या अभ्यासासाठी. गूळ जरा जास्त वाटला. तिसरा तुकडा खात्री करायला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी.
खरेदी. खूप खिसे असलेले जाकीट, शिट्टी, हातात धरायचा भोंगा, डोंगरात घालायचे बूट. बूट चावतात, पण फील्डवर असे चालायचेच. सगळे चढवून सविताला विचारले, कशी दिसते. अठरा वर्षे माझा स्वयंपाक करते, खरे बोलते. म्हणाली, ताई, नागफणीचा डोंगर चढायला चाललाय का? पिशवीत खायचं नेऊ नका, माकडं लय झालीत.
मदतकार्याची कल्पना नसलेल्या माणसाला काय सांगणार.

शनिवार, ८ फेब्रुवारी.
ड्रिलच्या गावी, कुरवंड्याला जाऊन आले. गावातले कर्ते म्हणजे भिमाजी आबा. पडवीत बसवले, चहा दिला. मी समजावले की दरड कोसळली असे धरून चालायचे, चाळीसेक गावकऱ्यांनी आपद्ग्रस्त व्हायचे, माझे कार्यकर्ते त्यांची नोंद करतील, मापे घेतील, जेवण देतील. आबांनी विचारले, जेवान खरं का खोटं? म्हटले, खरे. एवढेच खरे.
मग माझी खास कल्पना सांगितली. आपद्ग्रस्त पोट भरून आले तर कार्यकर्ते शिकणार काय? म्हणून म्हटले, रविवारी सोळा तारखेला गावात कोणी चूल पेटवू नका, आणि दुपारी बारा वाजता शाळेच्या पटांगणावर या.
आबांनी चहाची बशी खाली ठेवली. कुणीच न्हाई पेटवायची? म्हटले, कोणीच नाही. समद्या घरांत सांगू? म्हटले, सगळ्या घरांत सांगा. (मागे आहारावर व्याख्यान दिले तेव्हा सगळ्या तालुक्यात सांगितले होते. आठ जण आले. त्यातला एक पत्ता विचारायला.)
आबांचे डोळे भरून आले. विषयाचे गांभीर्य पोहोचले. निघताना त्यांच्या मंडळींनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. कॅलरीत धरला नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी.
शिबिर सुरू. तीस तरुण चेहरे. मला आमच्या शाळेची असेंब्ली आठवली, दोन मिनिटे बोलता येईना. सगळ्यांना वाटले मी पूरग्रस्तांसाठी मौन पाळतेय. तेही उभे राहिले.
दुपारी सर्वांना शिध्याची मोजलेली खिचडी. उपाशी माणसाचे दुःख पोटातून कळावे म्हणून. इथल्याच औंढे गावची प्रतीक्षा नावाची नर्स आहे, हुशार पण तोंडाळ. म्हणाली, मॅडम, पुरात मीठसुद्धा वाहून गेलं का? बाकीचे हसले. तिच्या नावापुढे 'वृत्ती?' असे लिहून ठेवले.

बुधवार, १२ फेब्रुवारी.
दुपारच्या सत्राला नऊ जण. बाकीचे म्हणे बाजारात परिस्थितीची पाहणी करायला गेले होते. कौतुक वाटले. परतले तेव्हा सगळ्यांना वडापावचा वास. गर्दीच्या ठिकाणी फिरल्यावर कपड्यांना लागतो.
शेंगदाण्याच्या पेस्टची पाकिटे प्रात्यक्षिकासाठी आणली होती, ती सगळी गायब. उंदीर असावेत. पाकिटे कोपऱ्यात खूण असते तिथेच नीट फाडली आहेत. लोणावळ्याचे उंदीर पर्यटकांमुळे सुधारले आहेत.
मी मात्र शिध्यावर ठाम. सविताने केलेल्या पुरणपोळीला हात लावला नाही. एक लावला, फ्रिजमध्ये ठेवताना.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी.
रविवारचा आराखडा फळ्यावर काढला. दोरी बांधून रांग, नोंदणी, कूपन, दंडाचे माप, मग वाटप. दंड मोजायच्या पट्टीवर तीन रंग असतात, हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे कुपोषण. चाळीस माणसांची खिचडी, डावाचे माप ठरलेले.
प्रतीक्षाने हात वर केला. मॅडम, गावात तुम्ही नेमकं काय सांगितलंत? म्हटले, चूल पेटवू नका. असंच? म्हटले, अक्षरशः. कुणाकुणाला? म्हटले, सगळ्या घरांना. तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, तांदूळ वाढवा मॅडम. मी म्हटले, मदतकार्यात शिधा मोजलेला असतो, भावनेला जागा नसते, आणि प्रश्न शेवटी. ती खाली बसता बसता म्हणाली, मग निदान बुंदीचं तरी सांगून ठेवा.
तरुण मुले विषय सोडून बोलतात. सिस्टर बर्नडेटनी तिला बाकावर उभे केले असते. मी फक्त उसासा टाकला.

शनिवार, १५ फेब्रुवारी.
उद्या सुहास येणार. बरोबर देणगीदार संस्थेचे दोन निरीक्षक. उद्यावर सगळे आहे. त्यांनी मान डोलावली की झाले.
शाळेच्या गॅदरिंगचा आदला दिवस आठवला. नाटकात मी तीन वर्षे राणी होते. एकदा मुकुट डोळ्यांवर आला तरी संवाद सोडला नाही. शांत झोपणार. चिक्की फक्त उशाशी ठेवली आहे.

रविवार, १६ फेब्रुवारी. दुपारी, घाईत, कूपनाच्या मागच्या बाजूला.
चाळीस नाहीत. गाव आहे. अख्खे. नऊवारी, नथी, कडक इस्त्रीचे शर्ट, फेटे. लेकी सासरहून आल्यात, जावई मोटारसायकलींवर अजून येतायत. एक सनईवाला आहे. आपद्ग्रस्तांनी अत्तर लावले आहे.

संध्याकाळी, घरी.
सावकाश लिहिते. सिस्टर म्हणायच्या, सत्य लिहावे, पण चांगल्या अक्षरात.
आम्ही दोरी बांधली होती. दोरीशी कोणी आले नाही. सगळे पटांगणात ओळीने मांडी घालून बसले, पंगतीला बसावे तसे. सत्यम नावाचा कार्यकर्ता कूपने घेऊन गेला तर आबा उठून माझ्याकडे आले. म्हणाले, बाई, आवतण दिलं आन आता तिकीट लावताय व्हय?
मग त्यांनी समजावले. इथे एखाद्याने गावाला चूल पेटवू नका म्हटले की ते चूलबंद आवतण. त्या दिवशी अख्ख्या गावाने त्याच्याकडे जेवायचे, पोराबाळांसकट, पाहुण्यांसकट. एरवी लग्नकार्य असल्याशिवाय असं कोन सांगत न्हाई, आबा म्हणाले. तुमी काय कार्य नसताना गाव बोलावलं, म्हनून तर त्या दिवशी माझं डोळं भरलं.
प्रतीक्षा मागे उभी होती. तिने सत्यमच्या हातातली कूपने काढून खिशात टाकली. हे जास्त लागले.
मी डगमगले नाही. म्हटले, स्वयंपाकाला वेळ लागतोय, तोवर मापे घ्या. कार्यकर्ते पट्ट्या घेऊन बायकांचे दंड मोजायला लागले. बायका खूष. एकमेकींना ढोसायला लागल्या. नंदाबाई म्हणून आबांच्या सून आहेत, त्या ओरडून मागच्या ओळीला म्हणाल्या, अगं, जेवनावर चोळी पन हाय! पट्ट्यांपुढे दंडांची रांग लागली. शिबिरातली पहिली शिस्तबद्ध रांग.
सगळ्यांत म्हाताऱ्या धोंडाबाई. काडीसारखा दंड. पट्टी लालवर गेली. प्रतीक्षाने मला दाखवली. धोंडाबाईंनीही वाकून पाहिले. म्हणाल्या, लाल नगं गं माय, आता ह्या वयात लाल शोभतंय का? मला हिरवी दे.
मी नोंद केली: हिरवी.
खिचडी आली. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर संपली. त्यापुढे रिकाम्या पत्रावळी, आणि त्यांच्यामागे माणसे, आणि कोणी काही मागत नव्हते. फक्त सनई थांबली. सुहास घड्याळ बघत होता. निरीक्षक भराभर लिहीत होते. मी खुर्चीवर चढले, भोंगा तोंडाला लावला. पुढचे मला नीट आठवत नाही. सत्यम सांगतो, की मी सर्वांना प्रत्येक घास बत्तीस वेळा चावून खायला सांगितले. मग शिट्टी वाजवली. मग खुर्चीचा पाय मातीत गेला.
आबांनी मला उठवले आणि भोंगा घेतला. म्हणाले, मंडळी, बाईंनी दरडीचं नाटक हाय म्हनून सांगितलं हुतं. नाटक न्हाई. बाईंच्यावर खरीच आपत्ती आलीय. उठा.
बायका उठल्या. पदर खोचत घराकडे गेल्या. थोड्या वेळाने गावातल्या सगळ्या छपरांतून धूर निघाला. तास-दीड तासात पटांगणात पिठले, भाकरी, ठेचा, कोणाच्या घरचे काय काय. आधी पंगतीला कोणाला बसवले? माझ्या तीस कार्यकर्त्यांना. आठवडाभर उपाशी होते, असे आबांना प्रतीक्षाने सांगितले म्हणे. अतिशयोक्ती. पण मुले ज्या तऱ्हेने जेवली ते बघून मला वाईट वाटले. सुहास जेवला. निरीक्षकही जेवले. नंदाबाई वाढता वाढता मला म्हणाल्या, तुमी पन बसा, दरडीनं पायबीय मुरगळला न्हाई न्हवं?
मी चार भाकरी खाल्ल्या. एकवीसशे कॅलरींचा हिशेब आज धरता येणार नाही.
अहवालासाठी: समाजाचा सहभाग, शंभर टक्के. तशा अर्थाने ड्रिल यशस्वी. मुख्य प्रशिक्षकपद जवळजवळ नक्की.

मंगळवार, १८ फेब्रुवारी.
सुहासचा फोन आला. पहिल्या रिंगला उचलला नाही, उतावळेपणा दिसतो. तिसऱ्याला उचलला.
निरीक्षक भारावून गेले आहेत. सुहास म्हणाला, मॅडम, अन्न कमी पडल्यावर अधिकारी कसा गोंधळतो, ते तुम्ही इतकं हुबेहूब करून दाखवलंत, त्यांनी असं कुठे पाहिलं नव्हतं. खुर्चीवरून पडलात तिथे तर ते थक्क झाले.
मी म्हटले, हं.
मुख्य प्रशिक्षक दिल्लीहून कोणी येणार आहे. पण यापुढच्या प्रत्येक शिबिरात तो अधिकारी मीच करावा अशी निरीक्षकांची इच्छा आहे. पहिला प्रयोग नाशिकला. सगळे तसेच हवे, भोंगा, शिट्टी, बत्तीस वेळा. खुर्ची संस्था देईल. विमानाचे विचारले. म्हणाला, बघू.
नंतर बराच वेळ व्हरांड्यात बसले. तिन्ही वर्षे राणीच्या तोंडी तीनच वाक्ये होती, हे आज आठवले. इतकी वर्षे मला तो मोठा रोल वाटत होता.
सविताने न विचारता चिक्की आणून ठेवली. मोजली नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी.
सकाळी भिमाजी आबा आले. कुरवंड्याहून एसटीने, डोक्याला फेटा. आत बसा म्हटले तर उंबऱ्यातच उभे. उद्या नातीचा साखरपुडा आहे. म्हणाले, बाई, उद्या तुमी चूल पेटवू नका.
मी वही उघडली. किती जणांनी यायचे, असे विचारले. कार्यक्रमाला संख्या लागते. आबा म्हणाले, समद्यांनी. चूलबंद म्हंजी समदं घर. मग त्यांनी आत डोकावून पाहिले. आनिक कोन कोन आसतंय हितं? सविता म्हणाली, कोन न्हाई, ताई एकल्याच. मी माझ्या घरी जाते रोज.
आबांनी फेटा सारखा केला. मग मला म्हणाले, मंग तुमी समद्या या.
बाजारात जाऊन खणाचे कापड आणले. हिरवे. धोंडाबाईंचे माप माझ्याकडे आहेच. याला पाठपुरावा म्हणतात, शिबिरात माझा तो स्वतंत्र तास होता. जाताना पट्टी, जाकीट, शिट्टी बरोबर असावी. बूट मात्र घालणार नाही.
संकल्प: उद्या मोजून खायचे.
सविताला सुट्टी दिली. गॅस बंद केला. संध्याकाळी दूधवाल्याला सांगितले, उद्या नको. त्याने सायकल थांबवली. म्हणाला, मॅडम, तुमचं दूध कधी बंद नसतं, कुठं चाललात?
म्हटले, फील्डवर.