भावोजींच्या कवळीतली बाग

चि. ठोंब्यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. (साठी उलटली तरी तू आमचा ठोंब्याच.) तुझे गुडघे काय म्हणतात? इथे सगळे ठीक, आणि मी तर आज हवेतच आहे, कारण तुझ्या भावोजींच्या तोंडातून कवळी अखेर निघाली.

तुला ठाऊकच आहे, हे कवळी लावूनच झोपायचे. जेवण झालं की कढई घासावी तशी ती घासतील, पण रात्री काढायचं नाव नाही. बायकोला बोळकं दिसेल म्हणे! (बायकोचे सुजलेले पाय मात्र यांनी बघितलेले चालतात.) मागे छातीत कफ भरून इस्पितळात राहून आले, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की कवळीवरचे जंतू झोपेत श्वासाबरोबर छातीत उतरतात, रात्री ती काढून ठेवा. यांनी मान डोलावली आणि घरी आल्यावर ये रे माझ्या मागल्या. खोकला पुन्हा सुरू झाला, तेव्हा खरं सांगते, मी फार घाबरले.

शेवटी सुनेला मध्ये घातलं. ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवून ओळखण्याचं काम करते. (घरात मात्र साधं दही लागत नाही तिच्या हातून.) तिने आम्हा दोघांच्या कवळ्यांवरून कापूस फिरवून नेला, काचेच्या दोन बशांत जंतू वाढवले आणि बशांचे फोटो घरी आणले. नावं मी घातली. एका बशीत चार ठिपके, दुसरीत पिवळीपांढरी बाग फुललेली, आणि बागेखाली नाव यांचं! हे चष्मा लावून बघत राहिले, मग काढून बघत राहिले. फोटो माझ्या हातात परत देत म्हणाले, "आधी दिवा बंद करत जा. मग काढतो."

आता रोज अंधारात कवळी पाण्यात पडल्याचा आवाज येतो आणि मी समाधानाने कूस बदलते. डॉक्टरांना जमलं नाही ते मी करून दाखवलं.

तुझी,
ताई

ता. क. बाग माझ्या कवळीची होती. मी ती रोज काढते रे, पण पेल्यातलं पाणीही रोज बदलायचं असतं हे मला कुणी सांगितलं होतं? सुनेने नावांची अदलाबदल पाहिली आणि गप्प बसली. आता माझा पेला रोज तपासते.

आणखी एक, पत्र खरं त्यासाठीच. यांना संशय आलाय, तुला विचारतील. ताई जन्मात कधी खोटं वागली नाही, असं ठणकावून सांग. कॅरमची राणी मी फ्रॉकच्या खिशात लपवायचे, ते विसर.

आणि हो, यांचा खोकला थांबलाय. काल पहाटे उजेडात बोळकं दिसलं. गोड दिसतं. पण तेही त्यांना सांगू नकोस.