सात वर्षं न साचलेला गाळ

तीर्थरूप दाजींना,

धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. तुमचा खोकला आता कसा आहे? ताईच्या चष्म्याचा नंबर वाढला असं कानावर आलं, म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढतो आहे. तुमचं वाचून झालं की ती वाचेलच (आणि आधी तिनेच फोडलं असेल, तर ताई, पुढचं जरा शांतपणे वाच). आम्ही सगळे ठणठणीत आहोत. फक्त मला गेले आठ दिवस अन्न गोड लागत नाही. त्यात स्वयंपाकाचा काही दोष नाही, हे लिहायला हिनेच सांगितलं आहे.

आमच्या बंदराची बातमी तुमच्यापर्यंत पोचली असेल. नवा धक्का चाळीस वर्षांसाठी एका परदेशी कंपनीला दिला. क्रेन त्यांच्या, यंत्रं त्यांची, जमीन आणि पाणी आपलं. पूर्वी जहाजं बाहेर अकरा अकरा दिवस ताटकळायची, आता दीड दिवसात रिकामी होऊन जातात. त्यामुळे नावं ठेवायला तोंड नाही. पण भाडेकरूला घर दिलं तरी माळ्याची चावी आपण आपल्याकडेच ठेवतो. तसं आमच्या मोठ्या साहेबांनी एक सुरक्षा समिती नेमली आणि पाहुण्यांपासून काय काय झाकायचं याची यादी करायला घेतली.

कचेरी मात्र एकच. म्हणून साहेबांनी जमिनीवर मधोमध पिवळा पट्टा मारून घेतला. पट्ट्याच्या अलीकडे आम्ही, पलीकडे कंपनीचा इंजिनियर. नेमका पंखा आमच्या डोक्यावर आला आणि बटण त्यांच्या भिंतीवर गेलं. आता उकडायला लागलं की लेखी विनंती करावी लागते. इंजिनियर आपली भाषा शिकून आला आहे, बोलतो मात्र पुस्तकातल्यासारखं. आम्ही त्याला मोजपट्टी म्हणतो, कारण तो दिसेल ते मोजतो: दाराची उंची, धक्क्याची भेग, आमची चहाची सुट्टी. मला त्या माणसाचं फार कुतूहल. इतक्या लांबून येऊन हा आमच्या भेगांत काय बघतो? आणि त्याला माझं. दिवसभर आम्ही दोघं पट्ट्याच्या दोन बाजूंना बसून एकमेकांकडे चोरून बघत असतो. हे सुरक्षेच्या नियमात बसतं का, ते मी अजून विचारलेलं नाही.

माझं काम तुम्हाला ठाऊकच आहे. जहाजं आत शिरतात त्या वाटेवर पाणी किती खोल आहे, ते दर वर्षी मोजून वहीत लिहिणं. साहेबांनी यादीत पहिला नंबर त्या वहीला दिला. परक्याला आपला तळ कळला तर मग लपवायला उरलं काय, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात चूक काही नाही. वहीवर 'अतिगोपनीय' असा शिक्का बसला, वही लोखंडी कपाटात गेली, किल्ल्या दोन: एक साहेबांकडे, एक माझ्याकडे. मी जबाबदारीने मान डोलावली. घाम फुटला होता, पण पंख्याचा अर्ज अजून मंजूर व्हायचा होता, म्हणून कोणाला काही वाटलं नाही.

घामाचं कारण आता सांगतो. मोजायची बोट सात वर्षांपूर्वी बिघडली. मी दुरुस्तीसाठी पत्रं लिहिली, पत्रांना उत्तरं आली, बोट काही आली नाही. (त्यानंतर तीन साहेब बदलले, आताच्या साहेबांनी ती पाहिलेलीसुद्धा नाही.) पहिल्या वर्षी मी तात्पुरते म्हणून मागचेच आकडे उतरवले. दुसऱ्या वर्षी खरं वाटावं म्हणून कुठे वीतभर कमी केलं, कुठे चार बोटं वाढवलं. पुढे हात बसला. दाजी, त्या कपाटात देशाचं गुपित वगैरे काही नाही. सात वर्षं माझ्या मनाला आलं ते आहे.

वही गुप्त झाली, पण वार्षिक अहवालात वाटेची सरासरी खोली छापली जाते, हे यादी करताना कोणाच्याच लक्षात आलं नाही. मोजपट्टीने सात अहवाल टेबलावर ओळीने मांडले. सातही अहवालांत साडेनऊ मीटर. परवा तो पट्ट्यापाशी आला आणि त्याने विचारलं, की जगात सगळ्या बंदरांत गाळ साचतो, तुमच्याकडे का साचत नाही? त्याच्या डोळ्यांत खरोखरीचं नवल दिसत होतं. मी तोंड उघडायच्या आत साहेबांनी सांगून टाकलं, की ती आमची खास पद्धत आहे आणि ती कंपनीला सांगता येणार नाही. तेव्हापासून गाळ न साचू देण्याची पद्धत यादीत दुसऱ्या नंबरवर आहे. पुढच्या महिन्यात ती मी सुरक्षा समितीला बंद दाराआड समजावून सांगायची आहे.

इथवर हसून घ्या. आजवर लहान जहाजंच आत येत होती, पण महिनाअखेरीस कंपनीचं पहिलं मोठं जहाज येतंय आणि त्याला नऊ मीटर पाणी लागतं. खोलीचा आकडा बंदराच्या कचेरीनेच सहीनिशी द्यायचा, दुसऱ्या कोणाचा चालणार नाही, असं करारात आहे. म्हणजे सही माझी. वहीतला आकडा दिला आणि जहाज वाटेतच रुतलं, तर बंदर बंद, धक्क्यावरच्या दोनशे माणसांचं काम बंद, आणि माझं काय होईल ते विचारूच नका. आकडा दिला नाही, तर का नाही ते सांगावं लागेल. शेवटी हिच्यापाशी मन मोकळं केलं. ही भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाली, "मग मोजा की." सात वर्षांत हे मला सुचलं नव्हतं.

असो. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुम्ही काळजी करू नका, इकडे मी करतोच आहे.

तुमचा
धाकटा मेहुणा

ता. क. बाकी सगळी ख्यालीखुशाली. काम एवढंच, की पुढच्या रविवारी सकाळी तुमची मासेमारीची होडी, लांब दोर आणि त्याला खाली बांधायला शिशाचा गोळा घेऊन या. जाळं वर दिसेल असं ठेवा. कोणी हटकलं तर मासळी मिळाली नाही म्हणायचं. (ते तुम्हाला सवयीचं आहे, असं ताई म्हणते.)

आणखी ता. क. पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. आज साहेब बाहेर गेले होते. मोजपट्टीने पट्ट्यावरून एक कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर एकच आकडा: पावणेसात. कंपनीची पहिली लहान बोट आत आली, तेव्हाच तिच्यावरच्या यंत्राने तळ वाचला होता. मी म्हटलं, ठाऊक होतं तर मला विचारलंत कशाला? तो म्हणाला, "बंदर तुमचं आहे. तुम्हाला माहीत आहे का, ते मला बघायचं होतं." दाजी, इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. आपला तळ त्यांना ठाऊक होता, आणि मी खिशात किल्ली घालून हिंडत होतो. आपल्या कचेरीचा सहीचा आकडा हातात येईपर्यंत जहाज निघणार नाही, असं त्याने वर कळवलं आहे. हा माणूस भला आहे की पोचलेला, अजून कळत नाही, बहुधा दोन्ही.

शेवटचा ता. क. साहेबांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी खिशातून कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, त्याचा कागद त्याला परत द्या, आपण आपलं मोजू, आणि होडीत मीही येणार. तेव्हा जाळं आणू नका, उजळ माथ्याने जायचं आहे. होडी जरा मोठी बघा, साहेब अंगाने भरलेले आहेत. आणि एवढं सांभाळून घ्या: बोट होती तोवर मी यंत्रानेच मोजलं, दोर सोडून कसं मोजतात ते मला येत नाही, आणि साहेबांना मी येतं म्हणून सांगून बसलो आहे.