कपाळावर आडवा धरलेला हात

अप्पा, आज नळाला पाणी आलं. बायको पिंपं भरायला धावली आणि पोराची आंघोळ माझ्याकडे आली. तुमच्याकडे यायची तशीच.

माझ्या वेळी तुम्ही रात्रपाळी करून आलेले असायचात. कानात अजून गिरणीतले माग वाजत असायचे, आणि उरलंसुरलं लक्ष रेडिओवरच्या क्रिकेटकडे. डोक्याला साबण फासायचात आणि न सांगता तांब्या ओतायचात. डोळे झोंबून मी ओरडलो की म्हणायचात, "रडतोस कशाला? मोठा हायस की." मी शाळेतही जात नव्हतो तेव्हा. नळावरून आई ओरडायची, "अवो, पोराचे डोळे तरी बघा!" "व्हय, व्हय," म्हणत तुम्ही पुढचा तांब्या ओतायचात.

मग धाकटा आला. तीच मोरी, तोच रेडिओ, तुम्हीही तसेच पेंगुळलेले. पण त्याच्या डोक्यावर पाणी ओतताना तुमचा डावा तळहात कपाळावर आडवा बसतो, पाणी कानामागून उतरतं आणि तो उघड्या डोळ्यांनी हसतो. मी टॉवेल धरून उंबऱ्यात उभा. हे तुम्ही कुठे शिकलात? पुष्कळ विचार करून मला कळलं, माझ्याच डोळ्यांवर. मन लावून नव्हे. माझं रडणं ऐकून ऐकून हाताला वळण लागलं. आणि ते लागेपर्यंत मी माझी आंघोळ माझी करू लागलो होतो. तुम्ही गेलात, नववीतून शाळा सोडून मी चिंचोळीच्या कारखान्यात कामाला लागलो, त्याचंही मनाला एवढं लागलं नाही, जेवढा तो तळहात.

आज मीही कंटाळतच बसलो होतो. दर पाण्याच्या दिवशी पोराच्या डोळ्यांत साबण जातो, तो रडतो, माझं अर्धं लक्ष मोबाइलमध्ये. आज मात्र तांब्या उचलला आणि डावा हात आपोआप त्याच्या कपाळावर गेला. पोरगं रडायचं विसरून माझ्याकडे बघत राहिलं. दारातून धाकटा म्हणाला, "दादा, अगदी अप्पांचा हात हाय की!" त्याला तो कपाळाने ठाऊक, मला नुसता बघून. मी म्हणालो, "टॉवेल धर, शहाण्या."

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून सांगतो. सगळे बाहेर गेल्यावर मी मोरीचं दार लावलं, डोक्याला साबण लावला आणि माझाच तळहात माझ्या कपाळावर आडवा धरून पाणी ओतलं. डोळ्यांत थेंबही गेला नाही. तरी हेवा वाटतोच, अप्पा. इतकी वर्षं धाकट्याचा वाटायचा, आजपासून पोराचाही.